शांताक्काचं नाव आणि फर्माईशीचा कार्यक्रम

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ कमी अन् संशय जास्त जमतात. राजेश्वरला बसस्टँडजवळ माझं दुकान, समोर बाकडं. इतकी वर्षं दुकान चालवलं की किस्से आपोआप साठतात बघा. त्यातला सगळ्यात मोठा संशयी आमचा निंगप्पाण्णा. आज्यानं मेंढरं राखली, हा शेती करतो, पण नजर अजून लांडगा हुडकायचीच!

*

एकदा त्याच्या रेडिओची वायर सुटली. उघडून बघतो तर आत सगळीकडं लाल ठिपके!

"हे काय अण्णा?"

"कुंकू. घरातून लावून आणलोय. तू पार्ट बदललास की कळंल!"

वायर जोडलो, तरी खरखर जाईना. कुंकू आवाजाच्या बटनात गेलेलं. शेवटी सगळं पुसून काढलो, रेडिओ खणखणीत वाजला. अण्णा आत डोकावला अन् बोंबलला, "आरं, सगळाच बदललास की!"

*

आमच्या गुरुजींना जावयानं हैदराबादहून मेमरी कार्डाचा मोबाईल आणला. गुरुजी बाकड्यावर, कानात वायरी, गालात हसायलेत. अण्णाला वाटलं, आपल्यालाच हसायलेत.

"गुरुजी, पुढचं गाणं कोणतं?"

गुरुजींनी सांगितलं.

"त्याच्या पुढचं?"

तेही सांगितलं.

"सगळं ठावं हाय, मग ऐकायलाव कामून?"

गुरुजींनी वायरी काढल्या. दुसऱ्या दिवशी परत घातल्या, पण अण्णाकडं पाठ करून.

*

अण्णाचं खरं दुखणं वेगळंच होतं. फर्माईशीच्या कार्यक्रमाला तो सारखी पोस्टकार्डं टाकायचा, खाली नवरा-बायको दोघांची नावं. एकदा नाव आलं! पण 'राजेश्वरहून निंगप्पा' एवढंच म्हणून रेडिओवरची बाई सरळ गाण्यावर गेली. त्याची बायको शांताक्का चुलीपुढं बसलेली, फुंकणी हातातच राहिली.

"माझं नाव तुमी लिवलावच न्हाई!"

"आईची आण, लिवलो!"

"दावा मग!"

टाकलेलं पोस्टकार्ड दावायचं कुठून? तवापासून ती प्रत्येक कार्ड आधी गुरुजींकडून वाचून घ्यायची अन् पेटीत स्वतः टाकायची. नवऱ्यावर भरवसा न्हाई म्हणजे न्हाई!

*

मग फर्माईश फोनवर सुरू झाली. अण्णा लावायचा, कायम एंगेज. "आतलेच लोक एकमेकाला लावायलेत!" म्हणायचा.

अन् एक दिवस कार्यक्रमच बंद झाला. अण्णा तरातरा दुकानात आला. "खरं सांग, ह्यात तुझा हात हाय का न्हाई? मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायला तूच बसलायस न्हवं?"

मला लई झोंबलं. रेडिओ कुणी आणतच नव्हतं, मग पोट कशावर भरायचं? बाकड्यावर माणसं तीच, पण ज्याच्या त्याच्या कानात वायरी. कुणी कुणाशी बोलत न्हाई. वाईट वाटायचं हो.

शांताक्का मात्र भांडली न्हाई. "राहिलंच की माझं नाव," एवढंच म्हणाली. तिचं ते गप्प बसणंच अण्णाला सोसंना.

*

दसऱ्याला त्यांचा पोरगा पुण्याहून आला. तिथं कंपनीत कामाला हाय.

"माय, तुझं नाव आलं! तिकडच्या रेडिओवर. मोबाईलमध्ये भरून आणलोय!"

शांताक्काला खरं वाटंना. "सगळ्यांसमोर लाव," म्हणाली.

मोबाईल दुकानाच्या मोठ्या स्पीकरला जोडलो. बाकडं गच्च भरलं. गुरुजींनीसुद्धा कानातल्या वायरी काढल्या. बाईचा गोड आवाज आला, "राजेश्वरहून शांताबाई आणि निंगप्पा..."

तिचं नाव आधी! शांताक्कानं पदर सावरला, डोळे भरून आले.

अन् बाईच्या मागं कुकरची शिट्टी झाली. एक न्हाई, दोन!

पोरगा खाली मान घालून उभा. गुरुजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर अण्णानं त्यांच्या पायावर पाय दिला.

शांताक्कानं डोळे पुसले. "अवो, रेडिओत कुकर कसा वाजायलाय?"

"कामून?" निंगप्पाण्णा डाफरला. "तिथली माणसं जेवत न्हाईत का?"