खालाचे तळवे

हलीमाखाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंद्रीच्या हॉटेलात तिचीच बढाई मारत होतो. साखरखेर्ड्याची ही म्हातारी बाळांची मालिश करायची. टाळूवर तेल जिरवता जिरवता सांगायची, "टाळू भरते, पण कवटीची हाडं दम घेणं सोडत नाहीत. श्वासासंगं उघडते, मिटते." मोठ्यांचीही डोकी धरायची, न दाबता, न चोळता, नुसती तळव्यांत ठेवलेली... माझी अर्धशिशी तिथे अर्ध्या तासात निवली. घरी पोचेपर्यंत मी ती अर्धशिशी सात वर्षांची जुनी करून सांगितली होती. पुढे तर एका पैलवानाची कवटी खालाने कुलपासारखी उघडून, साफ करून पुन्हा लावली, असंही सांगितलं. लोकांनी ऐकलं!

बीटी कपाशीला फवारणी लागणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी मानलं होतं. बोंडअळीने मानलं नाही. पंप पुन्हा पाठीवर चढले आणि औषधाने डोकं फुटायला आलेली माणसं, माझ्या गप्पा ऐकून, खालाच्या दारात यायला लागली. एकाला आणलं तेव्हा तोंडाला फेस होता. खाला ओरडली, "अरे, याच्या रगतात जहर गेलं, हाडाचं काम नाही हे! दवाखान्यात न्या बे!" तो वाटेतच गेला.

तिने मला बोलावून घेतलं. "तूच फुगवलं नं मले? आता तूच फोड. सांग लोकांले, फवारणीवाला माझ्या दारी आणू नका."

गावोगाव सांगितलं. लोक एकमेकांना टाळ्या देत हसले, "भाऊ, आज नवीन पुडी सोडली का?" जन्मात एकदा खरं बोललो, तेवढंच कुणाला पटलं नाही. मग मीही पुन्हा जुन्या गप्पांवर आलो, ती गेल्याचा फोन येईपर्यंत.

तिच्या चाळिसाव्याला आम्ही जेवायला बसत होतो, तर दारात ऑटो थांबला. आत तिशीतला माणूस, शर्टाला औषधाचा वास, मान कलंडलेली. मी धावलो, "खाला राह्यली नाही हो! दवाखान्यात न्या!"

त्याचा भाऊ म्हणाला, "मंग तिच्या सुनेले बोलवा. हात घरातच उतरते म्हणे, तुम्हीच तं सांगत होते."

सून ओढणीखाली दोन्ही हात लपवून उभी... मीच ऑटोत चढलो, ड्रायव्हरला म्हटलं, हाण. सरकारी दवाखान्यापर्यंत त्या माणसाचं डोकं तळव्यांत धरून बसलो. काहीतरी हलत होतं. हाडं की ऑटो, मला कळलं नाही.