अक्काच्या विहिरीचा निळा गोल

ऐका हो ऐका. गावातल्या तमाम बंधू-भगिनींना, लहानथोरांना, तसंच पारावर बसून दुसऱ्याच्या चहाची वाट पाहणाऱ्यांना कळवण्यात येतं, की पाणलोट समितीचे अधिकृत विहीर-मोजणीदार, म्हणजे अस्मादिक, आज एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करणार आहेत. तरी सर्वांनी शांतता राखावी.

घसा खाकरून झाला. आता खरं सांगतो. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी दातदुखीसुद्धा रंगवून सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, हे एक बरं आहे.

आमचं गाव नरडाण्यापासून आत, माळाच्या अंगाला. कानबाईच्या उत्सवात माईक माझ्या हातात असतो. भोवाड्याच्या सोंगांत रावण मीच असतो – दहा तोंडं लावून, तलवार फिरवत, बायका पोरांना जवळ ओढून घेतील असा. गावात कसलीही समिती निघाली, की माझा हात आपोआप वर जातो. त्याला मी काय करू?

तर धुळ्याहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण सगळ्या गावाला घेऊन शिवार पायी फिरल्या. पाणी कुठून येतं, कुठे पळून जातं, कोणत्या नाल्याला उतार किती – सगळं आम्हालाच विचारलं. बायकांनी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं अख्खं शिवार काढलं. मग तेच चित्र सलीमभाईंनी शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलं. सलीमभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि ते समितीचे अध्यक्षही. प्रत्येक विहिरीला एक गोल. पाणी असेल तर निळ्या खडूनं भरायचा, तळ गाठला असेल तर लाल. आणि या गोलांवरून गावानं ठरवायचं, की यंदाचा बंधारा कोणत्या नाल्यावर. एकच बंधारा होता, नाले दोन.

विहिरी मोजणार कोण? माझा हात वर गेलाच होता.

काम सोपं. दर शुक्रवारी टेप घेऊन निघायचं. टेपच्या टोकाला सलीमभाईंनी लोखंडी नळीचा तुकडा बांधलेला. तो विहिरीत सोडायचा, पाण्याला लागला की डुबुक आवाज येतो, तिथे टेपवरचा आकडा वाचायचा. वीस विहिरी. एकोणीस मी अगदी इमानानं मोजल्या, शपथ घेऊन सांगतो. त्यांना कठडे होते.

विसावी विहीर विमलअक्कांची.

अक्का एकट्या. मुलगा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात. अक्कांकडे दोन एकर, चार शेळ्या, आणि ही विहीर – खोल, जुनी, कठडा नाही, काठावरून आत झुकलेला एक दगड. त्या दगडावर उभं राहून, वाकून टेप सोडायचा. पहिल्या शुक्रवारी मी दगडापर्यंत गेलो. खाली बघायला गेलो, तर नुसता काळोख. आतून एक पारवा फडफडत वर आला आणि मी थेट बांधावरच्या कडुलिंबाखाली येऊन बसलो. दहा तोंडांचा रावण, आणि एकाही तोंडात थुंकी नाही.

मग – आता येतोय मुद्द्यावर, येतोय – मी काय केलं? मागची विहीर बत्तीस फुटांवर, पुढची अठ्ठावीस. अक्कांच्या नावापुढे तीस लिहिलं. किती सोपं होतं. तेवढ्यात अक्का भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. उन्हात हिंडून मोजणी करतो बिचारा, म्हणून. मी खाल्ली. छान होती. पुढच्या शुक्रवारी दगडाकडे गेलोही नाही, सरळ लिंबाखाली. शेजाऱ्यांच्या आकड्यांचा मध्य काढायचा, एखादा फूट इकडेतिकडे करायचा – म्हणजे खरं वाटतं – आणि भाकरी खायची. माघापर्यंत हेच चाललं. भिंतीवर अक्कांचा गोल निळाशार.

तुम्ही म्हणाल, एका गोलानं काय होतं? मीही तेच म्हणत होतो.

मग ग्रामसभा आली. मी भिंतीपाशी वेताची छडी घेऊन उभा, आवाज भोवाड्याचा. गोलांचा हिशेब साफ होता: मरीआईच्या नाल्याकडे लाल गोल अक्कांच्या नाल्यापेक्षा एकानं जास्त. बंधारा मरीआईच्या नाल्यावर. टाळ्या पडणार, इतक्यात बायकांच्या रांगेतून अक्का उठल्या. म्हणाल्या, “मन्ही इहीर कोरडी शे. पोष महिनापासून कोरडी शे. आसंच ऱ्हायनं तं शेळ्या इकीसन मी सुरतले जास.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोच क्षण होता. एक वाक्य पुरलं असतं. मी काय बोललो ऐका. छडी त्या निळ्या गोलावर ठेवली, भुवया वर केल्या आणि म्हणालो, “अक्का, भिंतवर लिखेल शे. ते काय खोटं शे का?”

सभा हसली. माझ्या वाक्यांवर सभा हसतेच, मला सवय आहे. अक्का हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. पदर सारखा करून खाली बसल्या.

हीच ती गोष्ट. भीती लपवली, ते एक वेळ ठीक. पण जिची भाकरी खाल्ली तिला भरसभेत खोटं पाडलं – आणि हशा मिळाला म्हणून मला आत कुठेतरी बरंही वाटलं. तेही सांगून टाकतो.

पुढच्या शुक्रवारी मी लिंबाखाली गेलो. का गेलो? गेलो नसतो तर लोकांना कळलं असतं ना. अक्का आल्या. हातात भाकरी, ठेचा, वर कांदा. शेजारी ठेवली आणि शेळ्यांकडे गेल्या. शेळ्या तीनच होत्या. मी भाकरी तशीच ठेवून उठलो. भरल्या ताटावरून उठण्याची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ.

त्याच संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानात जाऊन मी मोठं भाषण ठोकलं. बंधाऱ्याच्या आखणीची फक्की पडण्याआधी अख्ख्या गावानं मिळून फेरमोजणी केली पाहिजे, लोकसहभाग म्हणजे काय, वगैरे. हेतू तुम्हाला कळलाच असेल: खोटं उघडं पडावं, पण खोटारडा नको. सलीमभाई खूश. मॅडम माझ्यापेक्षा खूश, म्हणाल्या, असा कार्यकर्ता प्रत्येक गावात हवा.

काय दिवस होता तो. पुढे ढोल, मागे गाव. प्रत्येक विहिरीवर एका बाईनं टेप सोडायचा आणि सगळ्यांनी कान देऊन डुबुक ऐकायचं. पोरं तर पैजा लावत होती. अशी वरात अक्कांच्या विहिरीवर आली. मॅडम बिनधास्त त्या दगडावर उभ्या राहिल्या. टेप तीस फुटांवरून खाली गेला. चाळीस. पन्नास. ढोल थांबला. आणि खालून आवाज आला – टक्. दगडावर लोखंडाचा.

सलीमभाई माझ्याकडे वळले. “भाऊ, मागच्या शुक्रवारी तर एकतीस लिहिलंय.”

मी म्हणालो, आठ दिवसांत खाली गेलं असेल, पलीकडच्या बोअरनं ओढलं असेल. हो, दुसऱ्यांदा खोटं. आणि लोकांनी मान डोलावली. बोअरवाल्याला चार शिव्याही पडल्या. निळा गोल लाल झाला, दोन्हीकडचे लाल गोल बरोबरीत आले, पुन्हा सभा झाली आणि शेळ्या विकायला लागलेल्या अक्कांकडे बघून बंधारा त्यांच्या नाल्यावर सरकला. मरीआईकडचे लोक कुरकुरले, मग श्रमदानाला तेच आधी आले. मीही गेलो. दगड वाहिले, आणि वाहताना सगळ्यांना इतकं हसवलं की दोघांनी पाट्या सांडल्या.

पोळ्याच्या सुमाराला बंधारा काठोकाठ भरला आणि आठवड्याभरात अक्कांची विहीरही. सुरतेला जायचं नाव अक्कांनी काढलं नाही. शेळ्या पुन्हा चार झाल्या. जलपूजनाला सगळं गाव विहिरीवर लोटलं. आणि तिथे सलीमभाईंनी मला पुढे बोलावून टॉवेल-टोपी घातली, नारळ दिला. चोख मोजणीबद्दल. मी ती घेतली. टोपी अजून खुंटीवर आहे, चांगल्या कापडाची आहे.

मी माईकवर दोन शब्द बोलून परत लिंबाखाली माझ्या जागेवर येऊन उभा राहिलो. अक्का ओटी भरायला त्या दगडावर गेल्या. नारळ सोडला, हात जोडले. मग मागे वळून गर्दीत मला शोधलं आणि सगळ्या गावासमोर, भाकरी खायला हाक मारावी तसं, पायाखालच्या दगडाकडे बोट करून म्हणाल्या:

“सालभर लिंबखाले बशीसन पानी मोजं भाऊ तू. आठे ये. आते तरी वाकीसन दख.”