उंदरांच्या खोलीतली खंडेनवमी

परळच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळते. हे सांगितलं की नातेवाईक नाकं मुरडतात. मुरडा खुशाल! या उंदरांमध्ये माणसाचा एक जनुक घातलाय, त्यामुळे त्यांच्या मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या साचतात, माणसाच्या विसरण्याच्या आजारात साचतात तशा. माझ्या आईला तोच आजार आहे. म्हणून मला ही नुसती नोकरी वाटत नाही.

धडधाकट उंदराला संध्याकाळी कापूस दिला की सकाळपर्यंत तो कुरतडून, पिंजून झकास घरटं करतो. आजारी उंदीर कापसाकडे ढुंकूनही बघत नाही. नवं औषध दिलेले उंदीर घरटं करतात का, ते बघायचं होतं. नाही केलं तर औषध बंद, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आधीच बजावलं होतं.

सकाळी दार उघडलं, तर औषधवाल्यांचा कापूस जसाच्या तसा. तिथेच स्टुलावर बसून रडले. मग डोळे पुसून बाकीचे पिंजरे पाहिले, तर धडधाकट उंदरांनीही कापसाला तोंड लावलं नव्हतं! असं कसं होईल? तेवढ्यात नाकात वास शिरला. धूप आणि कापूर.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मी कापूस ठेवून घरी गेल्यावर पिंजरे धुणाऱ्या मामांनी मशीनबरोबर पिंजऱ्यांचीही पूजा केली होती. झेंडू, हळदकुंकू, वर धूप.

"अहो मामा, उग्र वासाने घाबरतात ते! कोपऱ्यात दबून बसले ना बिचारे!"

"ताई, त्यांच्यावर आपलं पोट चालतं. त्यांना कसं वगळू?"

कप्पाळ! मी जाऊन मॅडमना सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. खोली नीट धुऊन पुढच्या आठवड्यात परत कापूस द्या, म्हणाल्या.

आणि त्या वेळी औषधवाल्यांनी घरटी केली. वेडीवाकडी, एका बाजूला ढासळलेली, पण घरटी! मामांनी आणि मी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

संध्याकाळी लालबागला घरी येऊन आईला सगळं सांगितलं. हल्ली ती मला तिची थोरली बहीण समजते, अक्का म्हणते. हे औषध माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, तिच्यापर्यंत बहुतेक पोचणारच नाही, एवढं मात्र मी गिळून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं आणि माझा हात धरला.

"अक्का, ते औषध मिळालं ना, तर थोडं बाजूला काढून ठेव हां. मला नको. माझ्या लेकीसाठी ठेव."

"ठेवते," मी म्हटलं.