आधी कानशील, मग पान

मी कॉलेजात होतो तेव्हा बडनेरा स्टेशनाबाहेर एका डोळ्यानं आंधळा पानवाला बसायचा. चावताना जबडा दुखतो म्हणून पठ्ठ्यानं दोन धडधाकट दाढा उपटून घेतल्या होत्या. खरं दुखणं कानशिलात होतं. तिथल्या रक्तवाहिन्यांना सूज आली, रक्त न पोचल्यानं डोळ्यामागची नस वाळली आणि डोळा गेला. दुसरा अकोल्याच्या डॉक्टरांनी तेव्हा नव्याच निघालेल्या गोळ्या देऊन वाचवला. हे दुखणं उतारवयातच होतं, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

तेव्हापासून म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं कानशील दाबल्याशिवाय तो पान देत नसे.

"दुखते काय, बुवा?"

"नाई दुखत. पान दे ना बाप्पा."

आम्ही पोरं हसायचो. एकदा मी विचारलं, "आमचं कावून नाई दाबत?"

"तुमी पिका आदी," तो म्हणाला.

आता पिकलोय. विडा तोंडात घातला की बोट आपसूक कानशिलावर जातं.