शंकरपटातली वैधानिक सूचना

गुंतवणुकीचे नियम बैलांना लागू होतात, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तरी सासुरवाडीत अजून माझंच नाव घेतात!

माझा धंदा थोडक्यात सांगतो (पूर्ण ऐकायला कोणी थांबतच नाही). भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत लोकांना ‘पैसे कुठं गुंतवायचे’ याचा सल्ला देणारी छोटी छोटी ऑफिसं आहेत. एक खोली, एक टेबल, एक कूलर. वरून नियमांचं नवं परिपत्रक आलं की कूलरसमोर बसूनही त्यांना घाम फुटतो, आणि मग मला बोलावतात. काय बोलावं आणि काय बोलू नये, ते मी समजावतो. ‘हमखास’ म्हणायचं नाही. ‘एक नंबर’ म्हणायचं नाही. जाहिरात केली की जोखमीचा इशारा द्यायचा म्हणजे द्यायचाच!

माझा साळा प्रमोद, त्याचंही असंच ऑफिस साकोलीला. यंदा गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यानं बॅनर लावला आणि माईकवरून अधूनमधून आपलं नाव घ्यायला लावायचं ठरवलं. मला फोन आला.

“जीजाजी, माईकवर नाव घेतलं तं चालते ना?”

“चालते. पण इशारा दिला नाहीस तर लायसन गेलं समज!”

(एवढ्यानं लायसन जात नाही. पण भीती घातल्याशिवाय साळा ऐकत नाही, काय करता!)

पटाच्या दिवशी मामाजी, म्हणजे माझे सासरे डोमाजी, वेगळ्याच ताणात होते. त्यांची पाखऱ्या-मोऱ्याची जोडी म्हणजे त्यांचा जीव. पण गुडघे थकले, गोठ्यात वाकवत नाही, म्हणून जोडी एखाद्या चांगल्या शौकिनाला द्यायची त्यांनी छातीवर दगड ठेवून ठरवलं होतं. तसे एक पाटील आमगावकडून खास आले होते. जोडी पळावी, माईकवर तिचं नाव गाजावं आणि तिथंच सौदा पक्का व्हावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. सकाळी त्यांनी बैलांच्या शिंगांना रंग लावला आणि स्वतःच्या मिशांनाही (डबा वेगळा होता).

माईक हिरामणभाऊंच्या हातात. या माणसाच्या तोंडून जोडी सुटायच्या आधीच ‘विदर्भाची शान’ होऊन जाते. म्हणून मी त्यांना बाजूला घेतलं.

“भाऊ, ‘एक नंबर’ नको, ‘हमखास’ नको. कौतुक केलं की लगेच इशारा. मोठ्यानं आणि स्पष्ट! नाहीतर केस होईल.”

“कोनावर?”

“माईक कोणाच्या हातात आहे?” मी म्हणालो. वाक्य फार झकास जमलं असं मला वाटलं.

हिरामणभाऊंचं तोंड उतरलं. “म्हंजे मले धरतीन?”

मी नुसता गंभीरपणे हसलो. हे सगळं प्रमोदच्या जाहिरातीपुरतं आहे, एवढं सांगायचं तेवढं राहिलं. आता हेही सांगावं लागतं का, बावा?

पहिली जोडी सुटली. “आली, आली, वाऱ्यावानी आली!” हिरामणभाऊ गरजले आणि एकदम दचकले. “पन माह्या बोलन्यावर भरोसा ठेवू नका! जोखीम ज्याची त्याची!”

लोक हसले. मीही हसलो. गमत्या माणूस, म्हटलं.

दुसरी जोडी. “हे जोडी मागच्या पटात पयली होती. त्याचा आजच्याशी काई संबंध नाही!”

जोडीचा मालक तुतारी, म्हणजे बैल टोचायची काठी, घेऊन मंडपाकडे धावला. “काहून बे, माह्या बैलाइची इज्जत काढून राहिला?”

अरे देवा, हा बैलांनाच इशारे देऊन राहिला! मी मंडपाकडे पळालो, तर दोरीपाशी एकानं माझी कॉलर धरली. “कुठी चालले? जोडी सुटून राहिली!”

ती मामाजींची जोडी होती. आणि काय पळाली हो! धूळ, शिट्ट्या, आरोळ्या! मामाजींच्या डोळ्यांत पाणी. पाटील उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“डोमाजीभाऊची पाखऱ्या-मोऱ्या पयली!” माईक कडाडला. “अरे काय पळाली, काय पळाली! पन...”

“नको!” मी ओरडलो. मैदानात तेव्हा कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता तो फक्त माईक.

“पन आज पळाली म्हनून उद्या पळनच असं नाही! आजची धाव पाहून कोनी बैल घेऊ नका! घ्याच्या आंधी जानकार मानसाले विचारा! आन हे मी नाही म्हनत, डोमाजीभाऊचे जवाई म्हनतेत!”

सारा पट माझ्याकडे वळला. मी गार! पाटलांनी गमछा झटकला. “घरचा जवाईच असा म्हनते, तं काईतरी असनच,” म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. जीप गेलीसुद्धा!

मामाजी डोळे पुसत माझ्यापाशी आले. मग हळूच म्हणाले, “जवाईबापू, बैलाइले बी कायदा आला का?”

“नाही हो, मामाजी! तो नियम बैलांना नाहीच!”

“मंग हिरामनले काहून सांगतलं?”

प्रमोद मान खाली घालून बॅनर सोडत होता.

जोडी अजून मामाजींच्याच गोठ्यात आहे. त्यांना वाकवत नाही, म्हणून बायकोच्या हुकमानं दर रविवारी मी भंडाऱ्याहून शेण काढायला जातो. परवा पाहुणे आले. मी घमेलं डोक्यावर घेऊन निघालो होतो.

“डोमाजी, नवा गडी ठेवला का गा?” त्यांनी विचारलं.

“गडी नाही गा, जवाई होय,” मामाजी म्हणाले. “बैल घेनाऱ्याले इशारा भेटला, तो वाचला. आमी पोरगी देल्ली तवा माईकवर कोनीच नोयतं!”