पुसण्याआधी

दर बदलले की माझ्या किकवीच्या एसटीडी बूथच्या मीटरमधली चिप पुसून नव्यानं लिहावी लागे. ते काम भोरला डेपोमागचे एक चाचा करत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी बूथवर एक बाई लेकीच्या बाळंतपणाची खबर घ्यायला खोळंबली होती, आणि इकडे भोरला चाचा नवे दर आधी स्वतःच्या जुन्या चिपवर लिहून तपासत बसलेले.

"थेट माझीच लिहा ना," मी म्हणाले. "चुकली तर परत पुसता येईल."

"येती की. पन दर येळी जरा झिजती, ताई. मग काय बी लिवा, धरत न्हाई."

सगळं जुळल्यावरच त्यांनी माझी चिप अतिनील दिव्याखाली ठेवून पुसली, लिहिली, आणि तिच्या काचेवर ऊन पडून लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून काळी पट्टी अंगठ्यानं हळूच दाबून बसवली.

संध्याकाळी पहिला फोन त्या बाईला लावून दिला. नात झाली होती.