तासभर थांबवलेली देवी

अडीच वाजून गेले होते आणि माझे बत्तीस पॅक्स अजून जव्हारच्या राजवाड्यातच होते. पॅक्स म्हणजे पाहुणे. आमच्या टूरच्या धंद्यात माणसं पॅक्समध्ये मोजतात. बस दोनला सुटायला हवी होती. पण कुणाला घुमट मागे घेऊन फोटो हवा होता, कुणाला गच्चीवरून दरी बघायची होती. एक निवृत्त बँकवाले काका तर प्रत्येक दगडी खांबाला हात लावून "हे काम बघा, हे बघा" करत उभे. सगळे ठाण्याचे, हौशी आणि वयस्कर. त्यांच्यावर ओरडणार तरी कशी?

मी जव्हारचीच. बाजारात आमचं किराणा दुकान आहे, पण मला गल्ल्यावर बसायचा कंटाळा. म्हणून हा उद्योग. ठाण्याची एक कंपनी पाहुणे पाठवते, मी त्यांना फिरवते. त्या दिवशीच्या कागदावर दोनच गोष्टी होत्या. दुपारी राजवाडा, आणि मग मोखाड्याच्या बाजूला एका गावात बोहाडा.

बोहाडा हा आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. लाकडी मुखवटा बांधायचा आणि संबळाच्या तालावर नाचायचं. कुणी देव होतो, कुणी राक्षस. त्याला सोंग म्हणतात. बाकीची सोंगं रात्री निघतात. देवीचं सोंग मात्र त्या गावात शेवटच्या दिवशी दुपारी तीनला निघतं, गावाला फेरी घालतं आणि देवळात परत येतं. एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

ऑफिसमधून सरांचा फोन आला. "मॅडम, कुठे पोचलात?"

"राजवाड्यातच आहोत, सर. देवी बहुतेक चुकणार."

"चुकवू नका हं! ब्रोशरच्या कव्हरवर तीच आहे. गावात आपला माणूस आहे ना? थोडं होल्ड करायला सांगा."

होल्ड हा आमचा रोजचा शब्द. जेवण होल्ड, बस होल्ड, तारपा वाजवणारे होल्ड. मी लगेच काशिनाथला फोन लावला.

काशिनाथ तिशीचा. ठाण्याला बांधकामाच्या साइटवर सेंट्रिंगचं काम करतो आणि बोहाड्याला सुट्टी टाकून गावी येतो. कारण देवीचा मान त्यांच्या घरचा. मान म्हणजे ते सोंग नाचवायचा हक्क. त्याचे वडील सोनूबाबा कित्येक वर्षं देवी नाचवत आले. आता गुडघे थकले, म्हणून हे त्यांचं शेवटचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी मुखवटा काशिनाथनं बांधायचा असं ठरलं होतं. ते मला सांगताना काशिनाथ लाजून हसला होता.

"काशिनाथ, आम्हाला उशीर होतोय रे. देवी तासभर थांबवा."

फोनमधून संबळ ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मुखवटा बांधलाय, ताई."

"मग बरंच झालं, तयारच आहात! आम्ही निघालोच. आणि तू फाट्यावर येऊन उभा राहा, ड्रायव्हर नवा आहे."

"हां ताई. थांबवतो."

मी फोन ठेवला. मुखवटा बांधलाय म्हणजे काय, हे विचारायची बुद्धी झाली नाही. घाई होती हे खरं. पण खरं सांगायचं तर, त्यानं हो म्हटलं आणि माझं काम झालं.

फाट्यावर पोचायला चार वाजत आले. काशिनाथ भर उन्हात उभा होता. बसमध्ये चढला तेव्हा त्याचे ओठ वाळले होते. माझ्याकडे पुरीभाजीचं एक पार्सल उरलं होतं, ते मी त्याच्या हातात दिलं.

"नको, ताई."

"नको काय? तोंड बघ कसं उतरलंय. माझ्यासमोर खा."

"घरी जाऊन खातो ना."

"काही घरीबिरी नाही. खा आधी!"

त्यानं एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि दोन पुऱ्या खाल्ल्या. मला बरं वाटलं. हो, कप्पाळ माझं, चक्क बरं वाटलं!

गावात पोचलो तेव्हा देवी देवळासमोर उभी होती. मुखवट्याच्या आत सोनूबाबा, आणि दोन बाजूंनी त्यांना दोघांनी धरलेलं. आम्ही दिसताच सनई सुरू झाली आणि देवी निघाली. पाहुणे खूष, सगळ्यांचे मोबाइल वर. दारादारांत बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. मी मात्र चालता चालता बाबांच्या पावलांकडे बघत होते. ती उचलत नव्हती, नुसती फरफटत होती.

शेजारून चालणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, "अहो, बाबांना घोटभर पाणी द्या ना कुणीतरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "देवी अंगावर हाय. पाणी कसा देनार? एकदा बांधला का बसाचा नाय, पियाचा नाय. देवळात नेऊनच सोडाचा."

"सकाळपासून?"

"उपास सकाळपून. त्यांच्या घरात आज कुनीच खात नाय. बापाला नाय जमला तर पोरानं घ्याचा, म्हनून तो पन उपाशी."

मी गर्दीत काशिनाथला शोधू लागले.

शेवटच्या वळणावर बाबांचा गुडघा मुडपला आणि ते रस्त्यात बसले. संबळ थांबला. काशिनाथ धावला, मुखवट्याच्या दोरीला हात घालणार तोच गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "उपाशी हाय ना तू?"

काशिनाथनं हात मागे घेतला. खोटं बोलला असता तर कुणाला कळलं नसतं. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मी दिलं! मी बळंच खायला घातलं त्याला!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"तू दिलास, बाय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पन त्यानं खाल्ला."

नवसाचा उपास धरलेला दुसऱ्या घरचा एक माणूस पुढे झाला. त्यानं मुखवटा बांधला आणि देवी देवळात पोचवली. त्या गावात जो देवी पोचवतो, पुढे मान त्याच्या घरचा.

आम्ही बाबांना सावलीत नेलं, पाणी पाजलं. जरा सावरल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या पाव्हन्यांना दिसली ना देवी?"

"दिसली, बाबा."

"मंग रडतंस कशाला?"

दोन दिवसांनी सरांनी मला पाहुण्यांचा फीडबॅक पाठवला. बँकवाल्या काकांनी लिहिलं होतं, "आम्ही पोचलो आणि देवी निघाली. काय टायमिंग!" खाली सरांचा अंगठा.

मी पुन्हा गावात गेले आणि जाणत्यांपुढे हात जोडले. त्यांनी मला चहा दिला, माझ्या दुकानाची चौकशी केली आणि मानाचा विषय काढूच दिला नाही. कुणी चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं. निघताना मी सोनूबाबांना विचारलं, "बाबा, थांबता येत नाही असं का नाही सांगितलंत?"

"तू विचारला कुठं? तू थांबा बोललीस. आमी थांबलो."

यंदा बोहाड्याच्या आठवड्यात मी काशिनाथला फोन केला. तो साइटवर होता, मागे मिक्सर घरघरत होता. गावी कधी निघतोस, म्हणून विचारलं.

"सुट्टी कशाला टाकू, ताई? आता देवी आमच्या घरची नाय." मग माझी समजूत काढावी तसा म्हणाला, "तुमी जा. चांगली होतंय यात्रा."

गेले. राजवाड्यात पुन्हा उशीर झाला. सरांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, मी गावात फोन करणार नाही. आम्ही पोचलो तेव्हा देवी देवळात गेली होती आणि रस्त्यावर नुसता गुलाल होता. सात पाहुण्यांनी तक्रार लिहिली, की गाइडला वेळेचं नियोजन जमत नाही. सरांनी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, तक्रार बरोबर आहे.